जुन्या पेट्रोल गाडीचा ऑक्सिजन सेन्सर कमी खर्चात बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती प्रामुख्याने २००० ते २०१५ या काळातल्या इंजेक्शनच्या छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. अशा गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा लागतो, सर्व्हिस सेंटर सहा-सात हजारांचा अंदाज हातात ठेवते आणि मालकाला प्रश्न पडतो, की चाळीस-पन्नास हजार किमतीच्या गाडीवर एवढा खर्च करावा का. बहुतेक वेळा एवढा खर्च करावा लागत नाही, आणि काही वेळा सेन्सर बदलावाच लागत नाही.

ऑक्सिजन सेन्सर नेमके काय करतो?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, हे तो गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, सांगतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियाची एक पोकळ चिनीमातीसारखी नळी असते. तिच्या बाहेरच्या अंगाला धूर आणि आतल्या अंगाला साधी हवा असते, आणि दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकामुळे तिच्यात अल्प विद्युतदाब तयार होतो. पेट्रोल जास्त झाले की सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो आणि हवा जास्त झाली की सुमारे ०.१ व्होल्ट. ईसीएम त्यानुसार पेट्रोल किंचित कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे निरोगी सेन्सरचा आकडा कधीच एका जागी थांबत नाही. पुढे वाचताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

हा सेन्सर बॉशने विकसित केला आणि १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत तो प्रथम आला. आपल्याकडे १९९५ मध्ये महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला भाग) आले, पुढे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली, इंजिने आली आणि हा सेन्सर घरोघरच्या गाड्यांत पोहोचला.

माझ्या गाडीला तो आहे का आणि कुठे असतो?

गाडी एमपीएफआय असेल तर बहुधा आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना तो सहसा नसतो आणि जुन्या डिझेल गाड्यांनाही सहसा नसतो. बॉनेट उघडून एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनातला धूर एकत्र करून बाहेर नेणाऱ्या पाइपकडे, पाहिले, की स्पार्क प्लगसारखा दिसणारा आणि मागून तीन किंवा चार वायरी निघालेला एक भाग आट्यांनी आत बसवलेला दिसेल. काही गाड्यांत तो खालून, कन्व्हर्टरच्या अलीकडे असतो. एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवण्याची पद्धत) लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत सहसा दोन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि दुसरा नंतर. पेट्रोलचे प्रमाण मुख्यतः पहिल्याच्या सांगण्यावरून ठरते. दुसरा कन्व्हर्टरचे काम तपासण्यासाठी असतो. दुकानात जाण्यापूर्वी कोणता बदलायचा आहे हे पक्के करावे, कारण दोघांच्या वायरींची लांबी आणि कपलर (वायरी जोडणारा प्लग) वेगळे असू शकतात.

तो बिघडल्याची लक्षणे कोणती?

ॲव्हरेज घटते, आयडलिंगला इंजिन अस्थिर होते, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी जमते आणि दिवा लागतो. यांतले एकही लक्षण केवळ या सेन्सरचे नाही. तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले प्लग, गळणारा इंजेक्टर किंवा कायम थंड तापमान दाखवणारा कूलंट सेन्सर यांपैकी काहीही तेच घडवू शकते.

दिवा लागला, स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला आणि मेकॅनिक सेन्सर बदला म्हणतो. बदलावा का?

लगेच नाही. पैसे वाचतात ते याच टप्प्यावर, म्हणून हे उत्तर लांब आहे.

कोड, म्हणजे ईसीएमने नोंदवलेला आणि स्कॅनर या यंत्राने वाचलेला बिघाडाचा क्रमांक, हे निदान नव्हे. पी०१७१ हा कोड ‘मिश्रणात हवा जास्त आहे’ एवढेच सांगतो, आणि ते सांगणारा सेन्सर पूर्ण निरोगी असू शकतो. इंजिनच्या इनटेककडचा रबरी पाइप चिरला असेल, पेट्रोल पंपाचा दाब कमी झाला असेल किंवा सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डचे गॅस्केट फुंकत असेल आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी सेन्सर तेच सांगणार. अशा वेळी नवा सेन्सर बसवणे म्हणजे वाईट निरोप आणला म्हणून निरोप्याला काढून दुसरा ठेवण्यासारखे आहे. पी०१७२ चे म्हणणे याच्या उलट, पेट्रोल जास्त असल्याचे असते, पण तिथेही तर्क हाच. पी०४२० हा कोड कन्व्हर्टरच्या क्षमतेबद्दल असतो, तरीही त्यावर सर्रास सेन्सर बदलले जातात आणि पंधरा दिवसांत दिवा पुन्हा लागतो.

पी०१३० ते पी०१३५ हे कोड मात्र पहिल्या सेन्सरच्या सर्किटबद्दल असतात. पी०१३३ आला तर सेन्सर मंदावला असण्याची शक्यता बरीच असते. पी०१३५ हा सेन्सरच्या आतल्या हीटरचा कोड आहे. झिर्कोनिया साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही आणि ते तापमान लवकर यावे म्हणून आत छोटा हीटर असतो. तो जळाला असेल तर सेन्सर बदलावाच लागतो. मात्र त्याचा फ्यूज उडाला असेल, कपलरमध्ये पाणी शिरले असेल किंवा वायर तुटली असेल, तरीही कोड तोच येतो.

आमच्या २०११ च्या गाडीला हाच पी०१३५ आला होता. एका सर्व्हिस सेंटरने मजुरीसह ७,२०० रुपयांचा अंदाज दिला. मी गाडी तशीच परत आणली आणि रविवारी सकाळी बॉनेट उघडले. गिअरबॉक्सच्या वरच्या खोबणीत वाळके गवत, कापसाचे बोळे आणि शेंगदाण्याची टरफले नीट रचून ठेवलेली होती, आणि तिथून अर्ध्या वितीवर सेन्सरकडे जाणाऱ्या दोन पांढऱ्या वायरींपैकी एक उंदराने तांब्यापर्यंत कुरतडली होती. तुटलेली जागा इंजिनाकडच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात), म्हणजे कपलरच्या अलीकडे होती, त्यामुळे जोड देता आला. ओळखीच्या वायरमनने दीडशे रुपये घेतले आणि दिवा गेला. त्याच गाडीचा सेन्सर पुढे दीड वर्षाने खरोखर मंदावला आणि बदलावा लागला. त्याचा हिशेब खाली येईल.

घरच्या घरी तपासणी कशी करावी?

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. सर्वप्रथम फ्यूज पाहावा, मग कपलर सोडून आत हिरवट गंज किंवा ओल आहे का ते पाहावे, आणि वायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांनी चाचपावी. ती गरम पाइपला टेकून वितळलेली असण्याचे प्रमाण बरेच असते.

त्यानंतर हीटर. इंजिन थंड असताना कपलर सोडून सेन्सरच्या बाजूच्या एकाच रंगाच्या दोन वायरींमधला रोध मोजावा. तो बहुतेक सेन्सरांत काही ओहम ते पंधरा-वीस ओहम असतो आणि नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत मिळतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला आहे. मीटर ओहमवर असताना सिग्नलच्या वायरीला (तिचा रंग पुढे दिला आहे) मात्र अजिबात लावू नये, कारण मीटरमधून जाणाऱ्या प्रवाहाने संवेदक भाग बिघडू शकतो.

शेवटी सिग्नल. कपलर जोडलेलाच ठेवून त्याच्या मागून पातळ टाचणी सिग्नलच्या वायरीशेजारी आत सरकवावी आणि मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवावा. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून पूर्ण गरम केलेली असावी. कोणाला तरी ॲक्सिलरेटर मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर धरायला सांगून आकडा पाहावा. चांगला सेन्सर दहा सेकंदांत ०.२ च्या खाली आणि ०.७ च्या वर अनेकदा जाऊन येतो. आकडा कायम ०.४५ च्या आसपास गोठला असेल तर बहुधा सेन्सर मेला आहे, थंड आहे किंवा वायर तुटली आहे. कायम खाली किंवा कायम वर असेल तर सेन्सरला दोष देण्याआधी एक परीक्षा घ्यावी. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की आकडा ०.८ च्या वर उडी मारायला हवा आणि सोडला की ०.२ च्या खाली यायला हवा. तसे होत असेल तर सेन्सर जिवंत आहे आणि बिघाड दुसरीकडे आहे. तो वर-खाली जातो पण रेंगाळत जातो, असे दिसले तर तो म्हातारा झाला आहे आणि बदलणे योग्य.

ही पद्धत कन्व्हर्टरच्या आधीच्या साध्या झिर्कोनिया सेन्सरची आहे. पाच किंवा सहा वायरींच्या वाइडबँड सेन्सरला ती लागू होत नाही, पण आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांत तो क्वचितच आढळतो.

ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर उपयोगी पडतो का?

एप्रिल २०१० नंतरच्या, विशेषतः २०१३ नंतरच्या गाड्यांत चांगला पडतो. मोबाइलवर सेन्सरच्या व्होल्टेजचा आलेख दिसतो आणि फ्यूएल ट्रिमही वाचता येतो. हा ट्रिम म्हणजे ईसीएम मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो आहे, तो आकडा. तो पाच-सात टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नको. वीसच्या पुढे गेला असेल तर कुठेतरी हवा गळते आहे किंवा पेट्रोलच्या दाबात गडबड आहे. २०१० पूर्वीच्या गाडीला सोळा पिनांचा सॉकेट असला तरी असा स्कॅनर तिच्याशी बोलेलच असे नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वी कोणाचा तरी लावून पाहावा.

सेन्सर काढून साफ करता येतो का?

नाही. पेट्रोलमध्ये बुडवणे, तारेच्या ब्रशने घासणे, गॅसच्या ज्योतीवर तापवणे हे सगळे प्रकार गॅरेजमध्ये पाहायला मिळतात. काजळी निघते, पण नळीवरच्या प्लॅटिनमच्या थरावर बसलेले शिसे, सिलिकॉन किंवा तेलाची राख निघत नाही. सेन्सर नुसता काजळला असेल, तर मिश्रण दुरुस्त करून गाडी महामार्गावर अर्धा तास चालवल्यावर ती काजळी आपोआप जळून जाते.

नवा सेन्सर कोणता घ्यावा?

गाड्या बनवणाऱ्या कंपन्या हा सेन्सर सहसा स्वतः बनवत नाहीत. बॉश, डेन्सो, एनटीके, डेल्फी असे मोजके उत्पादक तो पुरवतात आणि गाडीची कंपनी तो आपल्या खोक्यात घालून विकते. म्हणून जुन्या सेन्सरच्या षटकोनी भागावर किंवा धातूच्या अंगावर कोरलेले नाव आणि क्रमांक आधी टिपून घ्यावा, शक्य असल्यास मोबाइलवर फोटो काढावा. त्याच उत्पादकाचा, त्याच क्रमांकाचा किंवा त्याला पर्याय म्हणून त्यानेच छापलेल्या क्रमांकाचा सेन्सर सुट्या भागांच्या दुकानात बराच स्वस्त मिळतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूच्या दुकानांत हा फोटो काउंटरवर दाखवला, की ‘कोणत्या मॉडेलचा, कोणत्या सालचा’ या चौकशीत अर्धा तास जात नाही. माझ्या गाडीचा त्याच बनावटीचा सेन्सर २,६५० रुपयांना पक्क्या बिलासह मिळाला आणि फिटरने मजुरीचे ३०० रुपये घेतले.

याहून स्वस्त दोन वाटा आहेत. पहिली ‘लोकल’ म्हणजे बिनानावाच्या सेन्सरची, जो सात-आठशे रुपयांतही मिळतो. त्याचा हीटर वेगळ्या रोधाचा असला तर ईसीएम तो स्वीकारत नाही आणि पी०१३५ कायम राहतो. स्वीकारला तरी तो किती टिकेल याचा भरवसा नसतो. ही वाट मी सुचवत नाही. दुसरी वाट नामांकित बनावटीच्या युनिव्हर्सल सेन्सरची. त्याला कपलर नसतो, जुन्याचा कापून जोडावा लागतो. तो चांगला पर्याय आहे, पण जोडणाऱ्याला वायरी कळायला हव्यात.

नामांकित नावाच्या नकली मालाचाही सुळसुळाट आहे. खोक्यावरची छपाई फिकट असेल, सेन्सरच्या टोकावर संरक्षक टोपण नसेल, अंगावरचा क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक जुळत नसेल, तर तो परत करावा. बिल देण्यास टाळाटाळ करणाऱ्या दुकानातून हा भाग घेऊ नये.

भंगारातल्या गाडीचा काढून बसवला तर?

आरसा, दरवाजाचे हँडल, टेललाइट या वस्तू कुर्ल्याच्या भंगारातून जरूर घ्याव्यात. ऑक्सिजन सेन्सर वापराने झिजणारा भाग आहे आणि त्याचे किती आयुष्य संपले हे बाहेरून दिसत नाही. शिवाय गंजलेल्या मॅनिफोल्डमधून तो काढताना बसणाऱ्या हिसक्यांनी आतली नळी तडकू शकते.

युनिव्हर्सल सेन्सरच्या वायरी रंग पाहून जोडाव्यात का?

रंगाला रंग जोडणे हीच यातली सर्वांत महाग चूक आहे. चार वायरींच्या बॉश आणि एनटीके सेन्सरांत सहसा दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नलच्या अर्थची असते. डेन्सोच्या बऱ्याच सेन्सरांत मात्र दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची असते. म्हणजे डेन्सोचा जुना कपलर बॉशच्या नव्या सेन्सरला ‘काळ्याला काळी’ असा जोडला, तर एका व्होल्टहून कमी दाबाच्या सिग्नलवर बॅटरीचे बारा व्होल्ट येतात, आणि मग सेन्सरबरोबर ईसीएमही धोक्यात येतो. खोक्यातल्या कागदावर जोडणीचा तक्ता असतो, तो पाहूनच काम करावे. हीटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तरी बहुतेक सेन्सरांत फरक पडत नाही.

आणखी एक बारकावा असा, की अनेक सेन्सरांना आतल्या बाजूची शुद्ध हवा वायरीच्या आवरणातल्या फटीतूनच मिळते. म्हणून सेन्सरच्या वायरीला सोल्डरचा डाग देऊ नये. सोल्डर आणि फ्लक्स तारांमध्ये शोषले जाऊन ती वाट बंद होते. खोक्यात मिळणारे दाबून बसवायचे जोड वापरावेत. कपलरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरही मारू नये.

तो घरी बदलता येईल का?

मॅनिफोल्डवर वरून हात पोहोचत असेल तर येईल. गाडीखाली जावे लागत असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये, भक्कम घोड्या लावाव्यात. त्या नसतील तर ते काम पिट असलेल्या गॅरेजला द्यावे, तीनशे-चारशे रुपयांसाठी तो धोका घेण्यासारखा नाही.

आदल्या रात्री थंड सेन्सरच्या बुडाशी गंज सैल करणारे तेल फवारून ठेवावे. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटेच चालवावे, म्हणजे धातू किंचित प्रसरण पावतो, पण तेवढ्यानेही हात भाजू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढावी आणि कपलर सोडावा. बहुतेक सेन्सरांना २२ मि.मी.चा पाना लागतो. जुना फेकायचाच असेल आणि त्याचा कपलर पुन्हा लागणार नसेल, तर वायरी कापून सहा कोनांचा रिंग पाना किंवा सॉकेट चढवावा, कारण उघड्या तोंडाचा पाना घसरून कोपरे गोल करतो. सेन्सर हलू लागला की एकदम फिरवून काढू नये. पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा तेल, अशा पद्धतीने त्याला बाहेर आणावे.

नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा कंपनीनेच तांबूस किंवा रुपेरी लेप लावलेला असतो, तो पुसू नये. स्वतः लेप लावायचा असेल तर सेन्सरसाठीचाच असावा आणि टोकाला लागू नये. सेन्सर आधी बोटांनी तीन-चार फेरे आत जायलाच हवा. तो जात नसेल तर पान्याचा जोर न लावता काढून पुन्हा सरळ धरावा. १८ मि.मी. आट्यांच्या सेन्सरला सर्वसाधारणपणे ३५ ते ४५ न्यूटन-मीटर एवढा आवळ पुरतो. वायर मूळ क्लिपांमधूनच न्यावी, गरम पाइपपासून दूर. हाताळताना सेन्सर फरशीवर पडला तर तो नवा असला तरी बसवू नये, आतली चिनीमाती तडकलेली असू शकते.

काढताना आटे गेले तर?

कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांत हे हमखास होते. आटे थोडेच दुखावले असतील तर १८ बाय १.५ चा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) ग्रीस लावून हळूहळू फिरवला की पुरते, कारण निघणारा कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. आटे पूर्ण गेले असतील तर लेथवाल्याकडून नवा बंग (आतून आटे असलेली धातूची कडी) वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी काढलेली आणि सेन्सर बाजूला ठेवलेला असावा. आटे गेले म्हणून भोकात सीलंट भरून सेन्सर दाबून बसवू नये. सिलिकॉनची वाफ सेन्सरचे विष आहे.

गाडीला सीएनजी किट आहे. काही वेगळे आहे का?

आहे. बाहेरून बसवलेल्या किटच्या वायरी अनेकदा ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलला जोडलेल्या असतात आणि काही किटांत सीएनजीवर असताना ईसीएमला खोटा सिग्नल देणारा इम्युलेटर असतो. म्हणून सेन्सरची तपासणी आधी पेट्रोलवर करावी. दिवा फक्त सीएनजीवर लागत असेल तर आधी किटवाल्याकडे जावे. तिथे बहुतेक वेळा ट्यूनिंग किंवा सैल जोड एवढेच कारण निघते.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते तर २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपासच लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंजिनाने वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यायला हवे. सेन्सर चांगला असेल तर ईसीएम ही भर आपोआप घालतो. तो मेला असेल तर ईसीएम जुन्या पाठ हिशेबावरच चालतो, आणि तो हिशेब वीस टक्के इथेनॉल गृहीत धरून लिहिलेला नसतो. इथेनॉलमुळे ॲव्हरेज थोडे कमी होणे स्वाभाविक आहे, त्यासाठी सेन्सर बदलू नये. पण बिघडलेला सेन्सर पूर्वी दुर्लक्षून चालत होता, तसा आता चालवू नये.

पीयूसीवर काय परिणाम होतो?

भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतात. साधारण २,५०० फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा, ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान लागतो. गाडी नीट तपासली गेली तर निकामी सेन्सर इथे उघडा पडतो. पीयूसीची पावती फेकून देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा अचानक वाढलेला दिसला तर दिवा लागण्याआधीच सूचना मिळते. पंधरा वर्षांनी आरटीओत फेरनोंदणीला जाण्यापूर्वी तर हे पाहूनच घ्यावे.

सेन्सर काढून टाकला किंवा रेझिस्टर लावून दिवा घालवला तर?

रेझिस्टरने दिवा जाईलही, पण पेट्रोल जास्त जात राहील आणि त्यातले न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याची आतली जाळी वितळवू शकेल. कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते. प्रदूषणाच्या नियमांतही हे बसत नाही.

काढलेल्या सेन्सरच्या टोकावरून काही समजते का?

बरेच समजते, म्हणून फिटरकडून जुना भाग मागून घ्यावा. फिकट करडे किंवा तपकिरी टोक हे साधे म्हातारपण. मऊ काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. तपकिरी-काळा, तेलकट आणि कडक थर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा, चुन्यासारखा थर दिसला तर सिलिकॉनचे सीलंट वापरले गेले असावे किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट आत जात असावे. शेवटच्या तीन परिस्थितींत मूळ कारण दूर न करता नवा बसवला तर तोही काही महिन्यांत तसाच होतो.

नवा किती चालेल?

हीटर असलेला चांगला सेन्सर एक ते दीड लाख किलोमीटर चालू शकतो, हीटर नसलेला जुन्या धाटणीचा साधारण त्याच्या निम्मे. जुन्या गाडीची वार्षिक धाव पाहता पहिला आकडा गाडीच्या उरलेल्या आयुष्याला पुरतो.

नवा बसवला आणि तोच कोड पुन्हा आला. आता?

आधी कोड स्कॅनरने पुसला होता का ते पाहावे. नंतर गाडी दोन-तीन वेळा थंड अवस्थेतून सुरू करून वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी, कारण ईसीएमला जुना शिकलेला हिशेब विसरायला वेळ लागतो. तरीही कोड आला तर नव्या सेन्सरवर शंका घेण्याआधी कपलरपासून ईसीएमपर्यंतची वायर आणि अर्थचा जोड तपासून घ्यावा, आणि दुकानदाराकडे बदलून मागायला जाताना मल्टीमीटरवरचे आकडे कागदावर लिहून न्यावेत. नुसते ‘चालत नाही’ म्हटले तर काउंटरवरचा माणूस ‘फिटिंग चुकले असेल’ म्हणून मोकळा होतो, पण हीटरचा रोध किती आला आणि सिग्नल किती व्होल्टवर अडकला हे सांगितले की तो निदान खोका उघडून पाहतो.